माझ्या हातचं शेवाळं

माझं नाव शेवंता. माहेर काष्टीच्या अलीकडं येका वस्तीवर, शिरगोंदा तालुका, आन् दिल्या घरी म्हंजे हितं, सोनईपासून चार किलोमीटर. वय इचारू नका ताई, आधार कार्डावर एक हाय आन् आईनं सांगितलेलं दुसरंच हाय, पन्नाशी झाली असं धरा. चवथीपतुर शिकले. पुढची शाळा लांब पडली आन् माझ्या पाठची तीन भावंडं सांभाळायला हुती, म्हनून सुटली. वडील लोकांच्या रानात पिकाला पानी द्यायला दारं धरायचे, आई खुरपायला जायची. आमी बौद्ध, आजोबाच्या येळंला दीक्षा घेतलेली, घरात फोटो, वाचनाची आवड, सगळं हुतं, पोटाचं तेवढं कमी हुतं.

आईचं येक हुतं, तिला खायचं काही टाकलेलं चालायचं न्हाई. शिळी भाकर कुस्करून फोडनीला, ताक आंबलं की कढी, कुरडया वाळवताना मोडल्या तर त्याचा भुगा डब्यात भरून ठिवायची आन् पावसाळ्यात त्याची भाजी करायची. टाकू नये बाई, कुनाच्या तरी पोटात जाऊ दे, असं म्हनायची. मी तिच्याच हाताखाली शिकले. कुरडईचा चीक किती शिजवायचा, सोऱ्या किती जोरात दाबायचा, ऊन कवापतुर द्यायचं, हे मला डोळं मिटून कळतं. ते कळतं म्हनूनच मला पुढं काम भेटलं, आन् तेच कळतं म्हनून माझ्या हातून जे झालं ते झालं. सांगते की, दमानं सांगते.

लगीन होऊन हितं आले. मालक साखर कारखान्यात हंगामी कामाला, हंगाम संपला की घरी. एकच पोरगं, मिलिंद. मी मातर बारा महिने खुरपलं. कांदा, ऊस, घास, जे असंल ते. गुडघं गेलं तरी खुरपलं. मंग सात-आठ वर्षं झाली असतील, वरच्या वस्तीवरच्या पाटलांची लेक शिकून आली, शेतकीची डिग्री हाय तिला, तिनं बापाच्या अर्ध्या एकरात सिमेटाचं लांबडं हौद बांधलं, गुडघ्याएवढं खोल, वरनं पांढरा प्लास्टिकचा कागद, आन् त्यात शेवाळं लावलं. आता काय सांगू तुमाला, सगळं गाव हसलं. आमी जलम गेला हिरीतलं शेवाळं काढून टाकतोय, पाय घसरून पडतोय, आन् ही बाई शेवाळं पिकवतीय म्हंजे काय. अलका म्हनून माझी मैत्रीन हाय, मराठ्याची हाय, ती म्हनली, शेवंता, उद्या गाजरगवत पेरंल ही, आपुन जाऊ खुरपायला.

पन तिला कामाला बाया पायजे हुत्या, तवा हसत हसत आमी दोघी बी गेलो आन् तिला मॅडम म्हनायला लागलो. स्पिरुलिना म्हंत्यात त्याला. मला ते नाव सरळ म्हनायला वरीस लागलं, आमी आपलं शेवाळंच म्हनायचो. मॅडमनी समजावून सांगितलं, मावशी, हे आपलं विहिरीतलं नव्हे, हे वेगळं असतं, पाण्यात खायचा सोडा आणि मीठ घालून वाढवायचं, उन्हावर वाढतं. दिवसभर ते पानी वल्ह्यानं हलवत ऱ्हायचं, न्हाईतर वरचं जळतं आन् खालचं उपाशी ऱ्हातं. सकाळी बारीक कापडातून गाळायचं, वर वजन ठिवून पिळायचं, मंग हिरवागार गोळा निघतो, मळलेल्या कनकीवानी. आन् तो गोळा सोऱ्यात भरून जाळीवर शेवया पाडायच्या. मॅडमनी पयल्या दिवशी इचारलं, कुरडया कुणाला चांगल्या येतात? दोघींनी हात वर केलं, अलकानं आन् मी.

ह्यात काय मोठं असं वाटंल तुमाला. पन गावात कुरडया-शेवयाचं काम निघालं की बाया येकमेकीच्या अंगनात जात्यात, अलकाच्या अंगनात मला कवा बोलावनं न्हवतं. तिची सासू हुती तवर तर न्हाईच. आन् हितं आमी दोघी येकाच सोऱ्याला, तिनं दाबायचा आन् मी हात फिरवायचा. अलका म्हनायची, ह्याची खीर करून घालू का गं नवऱ्याला, पोपट व्हईल, गोड बोलंल तरी. मी म्हनायची, तुझा नवरा आदीच लई बोलतो, माझ्याला घाल. असं हसत काम चालायचं. मला त्या कामाचा लई अभिमान हुता ताई. माझ्या हातच्या शेवया वाळून, दळून, डब्यात बंद हून पुन्याला, मुंबईला जायच्या आन् कोन कुठली मानसं खायाची, कुनी इचारत न्हवतं कुनाच्या हातचं हाय.

लोकं कशाला घेत्यात, तर अशक्तपना असला, धाप लागत असली, रक्त कमी असलं तर येक छोटा चमचा ताकातनं न्हाईतर सरबतातनं घेत्यात. त्यात ताकद लई असती म्हंत्यात, डाळीत असती तसली, लोह बी असतं. आन् पोरी तोंडाला लावत्यात, दह्यात कालवून, कोरफडीच्या गरात कालवून, कातडं मऊ पडतं, तजेला येतो. मी सोता घेतलंय, माझी तळपायाची भेगाळ कातडी बरी झाली, दुपारची मरगळ कमी झाली. खोटं कशाला सांगू. पन मॅडम पयल्यापासनं सांगायच्या, मावशी, हे खाणं आहे, औषध नाही, कुणाला औषध म्हणून देऊ नका. ते मी ऐकायची, मान हलवायची.

मंग मिलिंदचं लगीन झालं. तो नगरला एमआयडीसीत फिटर हाय, आता अहिल्यानगर म्हंत्यात, आमच्या तोंडात नगरच बसलंय. रयवारी घरी येतो. सून श्रीरामपूरची, करुणा तिचं नाव, बारावी झालेली. लई गुनाची, पन अंगावर मास न्हाई, ओठ पांढरं, आन् दोन्ही गालावर वांगाचं काळपट डाग. तुमाला सांगते, ती पोरगी फोटो काढताना पदर गालापतुर वढायची. गल्लीतल्या बाया बोलायच्या, नवी नवरी आन् असली कशी कोमेजलेली, सासूनं उपाशी ठिवली का काय. मला ते लागायचं. मी तिला सोनईला दवाखान्यात नेली, डाक्टर म्हनले रक्त लई कमी हाय, गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी, अंडी खा म्हनले.

आमाला म्हयन्यातनं येकदा मॅडम जाळ्यांची खरवड द्यायच्या, पुडीत बांधून, चांगलाच माल असायचा, फकस्त चुरा. ती मी करुणाला सुरू केली. सकाळी ताकातनं चमचा. पयल्या दिवशी वास घेऊन म्हनली, आत्या, मासळी धुतलेलं पानी हाय का हे? मी म्हनलं, नाक दाब आन् पी. आन् रयवारी दह्यातला लेप. येकदा तोंडाला हिरवा लेप लावून वट्यावर बसली हुती आन् मालक रानातनं आले, तिला बघून असं मागं सरले, म्हनले, अगं काय झालं पोरीला? ती हसायला लागली आन् हसताना सगळा लेप तडकला. त्या घरात मला सासूबाई न्हवत्या, नणंद न्हवती, लेक न्हवती. ती पोरगी हसली तवा मला वाटलं, ही माझी हाय.

तीन-चार म्हयन्यात तिचं तोंड उजळलं. वांग पुरतं गेलं न्हाई पन फिकं पडलं, ओठाला रंग आला, रक्त बी वाढलं. आता ते शेवाळ्यानं झालं का गोळ्यानं का येक अंडं रोज खात हुती त्यानं, कोन सांगनार. डाक्टर म्हनले, गोळ्या बंद करू नका. पन गल्लीत मी सांगत सुटले, माझ्या शेवाळ्यानं झालं. बाया दारात येऊन पुड्या मागायला लागल्या. शेवाळवाल्या मावशी म्हनायला लागल्या मला. ज्या बाईला आजवर खुरपायला ये एवढंच म्हनलं कुनी, तिला लोकं इचारायला लागली, मावशी, माझे केस गळत्यात, मावशी, माझ्या पोराला भूक न्हाई. मानूस चढतं ताई. मी बी चढले.

मंग करुणाला दिवस गेले. मिलिंदनं पेढं आनलं. सरकारी दवाखान्याची आशाताई घरी आली, वहीत नाव घेतलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, म्हनली जेवल्यावर रोज येक, चुकवायची न्हाई. त्या गोळ्यांनी करुणाला मळमळायचं, पोट साफ व्हायचं न्हाई. रडकुंडीला यायची. आन् मी म्हनलं, ऱ्हाऊ दे गोळी, आपलं हाय की घरचं, त्यात लोहच हाय. हे मी म्हनलं. माझ्याच तोंडानं म्हनलं. मॅडम शंभरदा सांगायच्या, गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मला वाटलं ते बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी हाय, सून तर घरची हाय.

त्या वर्षी भादव्यात लई झोडपलं पावसानं. आठ-आठ दिवस ऊन न्हाई. शेवाळं वाढंना, वाळंना, माल कमी पडला, मॅडमनी खरवड द्यायची बंद केली, म्हनल्या पुढच्या महिन्यात बघू. घरातली पुडी संपत आली. आन् येक दिवस वारं सुटलं, दोन नंबरच्या हौदावरचा कागद फाटला, शेजारच्या रानातलं उकिरड्याचं पानी वाहत येऊन त्या हौदात शिरलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी काचंवर थेंब घेऊन दुर्बिनीत बघितलं. मला बी दाखवलं, बघा मावशी, हे गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखं दिसतं ते आपलं, आणि हे गोल ठिपके दिसतात ते दुसरंच काहीतरी शिरलंय, विषारी असू शकतं, हा हौद सोडून द्या चारीत. मी बघितलं. मला काय, सगळंच हिरवं दिसलं.

हौद सोडायचं काम माझ्याकडं. बूच काढलं, पानी चालायला लागलं, हिरवंगार, येवढं दाट. आन् ताई, मला ते बघवंना. येक अख्खा हौद. मनात आलं, शहरातल्या गिऱ्हाइकाला चालत न्हाई म्हनून टाकत्यात, दूध नासलं म्हनून टाकतं का कुनी, त्याचं पनीर-कलाकंद कायतरी व्हतंच. बूच परत लावलं. गाळायचं कापड घेतलं, गाळलं, पिळलं, डोक्यावरच्या फडक्यात गोळा बांधला आन् घरी नेला. उरलेला हौद सोडला. अलका त्या दिवशी आली न्हवती. कुनी बघितलं न्हाई.

घरी बाजंवर धुतलेलं लुगडं अंथरून त्याच्यावर सोऱ्यानं शेवया पाडल्या, कुरडया घालते तशा. ऊन न्हवतं. तिसऱ्या दिवशी बी आतनं मऊच हुत्या, जरा आंबूस वास हुता. मी म्हनलं वातावरनामुळं असंल. तव्यावर जरा गरम केल्या, खलबत्त्यात कुटल्या, डबा भरला. दोन पुड्या शेजारी दिल्या. आन् करुणाला रोज चमचा. ती म्हनली, आत्या, ह्याची चव येगळी लागतीय. मी म्हनलं, ताजं हाय म्हनून. तिनं प्यालं. मी दिलं म्हनून प्यालं.

आठव्या का नवव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. आधी वाटलं दिवसाचंच हाय. मंग जुलाब. मंग डोळ्यात पिवळं दिसाय लागलं. सोनईच्या डाक्टरनी हात लावला न्हाई, म्हनले नगरला न्या, आत्ताच्या आत्ता. मिलिंद कंपनीतनं थेट दवाखान्यात आला. सकाळचे अकरा वाजले असतील, डाक्टरीन बाई आल्या, तपासलं, आन् इचारलं, काही वेगळं खाल्लं होतं का? झाडपाला, गावठी औषध, काहीही? करुणानं माझ्याकडं बघितलं. ती सांगू शकत हुती. ती तशीच माझ्याकडं बघत ऱ्हायली, मी बोलनार म्हनून. आन् मी फरशीकडं बघितलं. म्हनलं, न्हाई बाई, घरचंच जेवन, भाजी-भाकर.

कशाचं भ्या वाटलं मला, रोज इचारते सोताला. कामाचं वाटलं. चोरी म्हनतील, कामावरनं काढतील. मिलिंदचं वाटलं. आन् खरं सांगू का, सगळ्यात जास्त त्याचं वाटलं की लोकं म्हनतील, हीच का ती शेवाळवाली. त्या दिवशी दिवसभर मी तिच्या उशाशी बसले, डोक्यावरनं हात फिरवला, आन् बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी सलाईन चालू असताना तिनं डोळं उघडलं आन् हळूच म्हनली, आत्या, सांगा की हो. तवा मी उठले, डाक्टरीन बाईंच्या खोलीत गेले आन् सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठिवला. म्हनल्या, काल का नाही सांगितलंत? 

त्या म्हनल्या, उरलेलं असेल तर आणा, तपासायला पाठवू. मी घरी फोन लावला. तर मालकांनी, ह्यानंच झालं असंल ह्या भ्यानं कवाच डबा वढ्यात रिकामा केला हुता, घासून पालथा घातला हुता. त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत, करुणाचं मूल गेलं. चवथा म्हयना चालू हुता.

डाक्टरीन बाईंनी त्यानंच झालं असं म्हनलं न्हाई, न्हाई बी म्हनलं न्हाई. काविळीनं बी होऊ शकतं, काविळ पान्यानं बी व्हती, त्या पावसात गावात बरीच मानसं आजारी हुती. रक्त कमी असताना गोळ्या बंद केल्या ते बी वाईटच झालं म्हनल्या. मिलिंद म्हनतो, आई, पाण्यानंच झालं असेल. चांगला हाय पोरगा. पन मला म्हायती हाय ना मी काय केलं ते.

घरी आल्याबरोबर मी आधी शेजारी गेले, त्या दोन पुड्या परत घ्यायला. येकीनं लगेच दिली, हात बी धुतलं. दुसरी म्हातारी हाय, ती सोडंना, म्हनली मला तर काय झालं न्हाई, उलट गुडघं हलकं वाटत्यात, ऱ्हाऊ दे की गं. मी तिच्या हातातनं हिसकावली. ती अजून सांगती गावात, शेवंता दिलेलं परत घेती.

मंग मॅडमकडं गेले. उभी ऱ्हायले आन् सांगितलं. मला वाटलं हाकलतील. त्यांनी हातातलं वल्हं हौदाच्या कठड्याला टेकवलं. मंग म्हनल्या, मी तुम्हाला सांगितलं होतं मावशी, सोडून द्या म्हणून. येवढंच. मी म्हनलं, व्हय. सोऱ्यावरनं मला काढलं, आता मी हौदावर पानी हलवते आन् जाळ्या धुते. खराब हौदात आता आधी चुना टाकत्यात, मंगच बूच काढत्यात, म्हंजे कुनी उचलू नये. ते माझ्यामुळं हाय हे सगळ्यांना म्हायती हाय, कुनी बोलून दाखवत न्हाई. अलका तेवढी म्हनली, मला इचारायचं हुतंस की गं, मी म्हनले असते टाक. आन् तीच रडली.

करुणा बरी झाली. भांडली न्हाई, माहेरी निघून गेली न्हाई. पन माझ्या आधी उठायची आन् सोताचं सोता करून घ्यायची. आधी मला वाटलं मला आराम म्हनून करती. मंग येक दिवस मी गरम भाकर थापली, तिच्या ताटात वाढली, तर ती ताटाकडं बघत बसली. मी म्हनलं, खा की पोरी. ती म्हनली, आत्या, तुमी मुद्दाम न्हाई केलं, मला म्हायती हाय. पन घास खाली उतरत न्हाई. तिनं ती भाकर ह्यांच्या ताटात ठिवली आन् उठून सोतासाठी येगळी थापली. आवाज न्हाई, राग न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं, राग मानसाचा उतरतो.

ती हात धुवून जेवायला बसायची तवा मी बाहेर वट्यावर बसायची. चूल येकच, पीठ येकच, ह्यांना मी वाढायची, तिचं ती घ्यायची. मिलिंद रयवारी आला की दोघी त्याच्यापुढं सरळ बोलायचो. तसं वरीस गेलं, दुसरं निम्मं गेलं.

आता पुन्यांदा दिवस गेल्यात तिला. सहावा लागलाय. आमच्यात सातव्यात ओटी भरून मग माहेरी धाडत्यात, पन ती चवथा लागायच्या आधीच श्रीरामपूरला गेली. मी आडवलं न्हाई. बॅग मी भरून दिली. मिलिंद दर आठवड्याला जातो. मागल्या रयवारी मी शेंगदान्याचं लाडू करून त्याच्यापाशी दिलं, तर तो दारात उभा ऱ्हायला, म्हनला, आई, राहू दे, तिनं सांगितलंय, खायचं काही आणू नका. मी म्हनलं बरं. ते लाडू आमी दोघांनी खाल्लं. मालक म्हनले चांगलं झाल्यात. मला तर चव लागली न्हाई.

परवा फोनवर बोलली ती माझ्याशी, सोता होऊन. म्हनली, आत्या, गोळी रोज घेतीय, रक्त बी वाढलंय. वांग परत आलंय म्हनली, डाक्टर म्हनले दिवसात येतं, आन् हसली थोडी. मी म्हनलं, येऊ दे बाई, तोंडाला काय करायचं. हौदावर बाया येत्यात इचारायला, मावशी, पुडी द्या ना. मी म्हनते मॅडमकडनं बंद डबा घ्या आन् आधी डाक्टरला इचारा. चांगलं हाय ते, वाईट न्हाई, वाईट मी केलं. असं सांगितलं की त्या निघून जात्यात, त्यांना वाटतं हिला द्यायची न्हाई म्हनून बोलती.

लेकरू झाल्यावर इकडं येईल का तिथंच ऱ्हाईल, मी इचारलं न्हाई. इचारायचा हक बी वाटत न्हाई. येवढंच मनात म्हनते, आईच्या हातचं खा, भावजयीच्या हातचं खा, सोता रांधून खा, कुनाच्या बी हातचं खा, पन पोटभर खा गं पोरी. माझ्या हातचं ऱ्हाऊ दे.